ज्वारीच्या दाण्याएवढी पृथ्वी

पुण्यात माझी लेक तिसरीत होती तेव्हा शाळेनं सूर्यमालेचा प्रकल्प करून आणायला सांगितला होता. हा प्रकल्प स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतो. थर्माकोलचे नऊ गोळे, रंगवून तारेवर खोचलेले. आपण फक्त नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या. वर्गात सगळ्यांच्या सूर्यमाला एका बाकावर मांडल्या, तर कुठली कुणाची हे पालकांनाही ओळखू येईना. त्यात गुरू पृथ्वीच्या दुप्पट आणि सूर्य गुरूच्या दुप्पट. सगळे एका हातावर, जसं काही पंगतीला बसलेत.

२०२४ साली राखीला भालकी तालुक्यातल्या आमच्या गावी गेले होते. वहिनी तिथल्या मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं तो दिवस, २३ ऑगस्ट, हा त्या वर्षीपासून राष्ट्रीय अंतराळ दिन झाला आणि शाळेत काहीतरी करायचं होतं. वहिनी म्हणाली, "वन्सं, दोन दिवस राहा. हाताखाली माणूस हवंय." लेकीला घेऊन राहिले.

आमच्या शाळेचं आवार एकच, शाळा दोन. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. मराठी बाजूचा पट दरवर्षी थोडा थोडा उतरतोय, हे वहिनी बोलत नाही, पण हजेरीवही बघितली की कळतं. अशा शाळेत थर्माकोलला पैसे कुठले? जे घरात आहे त्यावर भागवायचं ठरलं.

पहिला दिवस आकाशाचा. वहिनीनं एका घरातून बिद्रीची सुरई मागून आणली. काळ्याभोर धातूवर चांदीची वेलबुट्टी. जस्त आणि तांब्याचं हे काम बिदरच्या जुन्या किल्ल्यातली माती आणि नवसागर लावून काळं करतात, हे तिनं मुलांना सांगितलं. मग काळे कार्डपेपर वाटले आणि चांदीऐवजी गोळ्यांच्या पाकिटांची चंदेरी पन्नी. कुणी सप्तर्षी केले, कुणी कृत्तिकांचा झुबका. एका मुलाला मृग करायला सांगितलं तर तो म्हणाला, "बाई, मृग तर पाऊस हाय. त्याला तारे कुठले?"

खरंच आहे. आमच्याकडं नक्षत्रं आकाशात नसतात, शेतात असतात. मृग निघाला की पेरणी, एवढंच ठाऊक. वहिनीनं फळ्यावर काढून दाखवलं. जूनमध्ये सूर्य मृगाच्या ताऱ्यांपुढं येऊन उभा राहतो. म्हणजे ते तारे सूर्याबरोबर उगवतात, सूर्याबरोबर मावळतात, आणि उजेडात आपल्याला दिसत नाहीत. तेच तारे थंडीत, तुरीच्या राखणीच्या रात्री, डोक्यावर असतात. त्या मुलानं मग मृगाचे चारही पाय आणि पोटातला बाण अगदी मन लावून केले. वर निळ्या खडूनं पाऊसही काढला. मला तो पाऊस फार आवडला.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला होता. बिसिऊटाच्या स्वयंपाकघरातली परात मागून आणली, तिच्यावर पिवळा कागद लावला. चव्वेचाळीस सेंटिमीटरचा सूर्य. सूर्य एवढा, तर पृथ्वी किती? मुलांनी लिंबू सुचवलं, मग सुपारी, मग हरभरा. वहिनीनं तळहातावर ज्वारीचा एक टपोरा दाणा ठेवला. चार मिलिमीटर. एकदम गलका झाला. सूर्याच्या व्यासावर एकशे नऊ पृथ्व्या ओळीनं बसतात, हे पुस्तकात वाचून कुणालाच काही वाटलं नव्हतं.

परात दारात ठेवून आम्ही चालायला लागलो. अठरा मीटरवर बुध, राजगिऱ्याहून जरासा मोठा. चौतीस मीटरवर शुक्र, तोही ज्वारीचाच दाणा. सत्तेचाळीस मीटरवर आपण. आपल्यापासून सहा बोटांवर राजगिऱ्याचा दाणा, तो चंद्र. त्या सहा बोटांच्या प्रवासाला चांद्रयानाला चाळीस दिवस लागले होते. १४ जुलैला निघालं आणि २३ ऑगस्टच्या संध्याकाळी उतरलं. फाटकाशी मोहरीएवढा मंगळ. मग आवार संपलं. पाण्याच्या टाकीजवळ गुरूचं लिंबू, मारुतीच्या देवळाशी शनीचं लिंबू, त्याला कागदाची कडी. युरेनस आणि नेपच्यून या दोन गोट्या. पहिली फाट्यावर, दुसरी जवळजवळ दीड किलोमीटरवर तुरीच्या रानात. तिथून मागं वळून पाहिलं तर शाळाच दिसेना, परात कुठली दिसणार?

माझी लेक वाटेत इंग्रजीत घडाघडा म्हणत होती, मर्क्युरी, व्हीनस, अर्थ, मार्स. गावातली एक मुलगी तिला म्हणाली, "हे तर वारच हायत." आणि बोटांवर मोजून दाखवलं, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, वर रवी आणि सोम. लेक थबकली. आठवड्याचे दिवस ती जन्मापासून ऐकत आलीय, पण ते आकाशात आहेत हे तिला तेव्हाच कळलं. जरा वेळानं तिनं विचारलं, "मामी, पृथ्वीवार का नाही?"

वहिनीनं उत्तर दिलं नाही, तोच प्रश्न सगळ्यांपुढं टाकला. बरंच काही बाही बोलून झाल्यावर एकजण म्हणाला, "आपण तिच्यावरच हाव की. वर बगितलं तर दिसत नाही." मग युरेनसवार का नाही, हेही मुलांनीच सोडवलं. नुसत्या डोळ्यांना जे दिसले त्यांनाच वार मिळाले. युरेनस १७८१ मध्ये दुर्बिणीतून सापडला, नेपच्यून १८४६ मध्ये. तोवर आठवडा भरला होता!

पाट्या दोन्ही लिप्यांत लिहिल्या. कन्नड बाजूची मुलंही आली होती. बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी, अक्षरं वेगळी पण वाचली की एकच. फक्त आपल्या दाण्यापाशी अडलं. त्यांची 'भूमी', आमची 'पृथ्वी'. दोन्ही लिहिलं.

पृथ्वी धरायचं काम चौथीतल्या एका मुलाकडं होतं. त्याचा बाप हैदराबादला बांधकामावर असतो. त्यानं दाणा डोळ्याजवळ नेऊन विचारलं, "बाई, ह्याच्यावर हैदराबाद कुठं हाय?" बिदर ते हैदराबाद साधारण एकशेचाळीस किलोमीटर. वहिनीनं मनात हिशेब केला. ह्या दाण्यावर ते अंतर केसाच्या जाडीएवढंसुद्धा भरत नाही. "अगदी चिकटून," ती म्हणाली. "इतकं जवळ की मधे केस मावणार नाही."

"मग दिवाळीलाच का येतो?"

कुणी काही बोललं नाही. वहिनीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि आम्ही पुढं निघालो. त्यानं तो दाणा दिवसभर दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नाही. जेवतानाही डाव्या मुठीत होता.

परतताना मुलांनी शेवटचा प्रश्न काढला. आपली परात संपली, मग पुढची परात कुठं? मी फोनवर आकडेमोड केली. सूर्यासारखा सर्वांत जवळचा तारा म्हणजे नरतुरंगातला मित्र, सव्वाचार प्रकाशवर्षांच्याही थोडा पलीकडं. आमच्या मापानं तेरा हजार किलोमीटर. म्हणजे इथून थेट न्यूयॉर्कच्या आसपास. मधे सगळं रिकामं. माझा चुलतभाऊ तिकडंच न्यू जर्सीत असतो, हे लेकीनं लगेच सांगून टाकलं.

"मग त्यांना परात ठिवायला सांगा की," मृगवाला मुलगा म्हणाला.

रात्री भावाला सगळं लिहून पाठवलं. तोही ह्याच शाळेत शिकलेला. सकाळी उठले तर फोनवर फोटो. घरामागच्या हिरवळीवर पिझ्झाचा गोल ट्रे, आणि शेजारी त्याची दोन मुलं. वहिनीनं भालकीहून प्रिंट मागवून तो फोटो अंतराळ दिनाला भिंतीवर लावला. खाली 'मित्र' असं दोन्ही लिप्यांत लिहिलं. मुलांनी मात्र एक चूक काढली. मित्र हा जोडतारा आहे, एक ट्रे पुरत नाही. तसं भावाला कळवलंय. दुसरा ट्रे तो शनिवारी आणणार आहे.