दर्याची जागा

आमच्या वाडीच्या पुढ्यातला वाळूचा उंचवटा मी सपाट केला, हे आधी कबूल करतो. चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत जेसीबी बोलावला आणि दीड तासात काम उरकलं. पुरुषभर उंचीची ती वाळू, तिच्यावर पसरलेली मर्यादवेल, कडेचं केवड्याचं रान, सगळं गेलं. आबा, म्हणजे माझे वडील, पडवीत बसून बघत होते. यंत्र थांबल्यावर एवढंच म्हणाले, "दर्याची जागा दर्याक सोडूक व्हयी रे." मी उत्तर दिलं नाही. मला खोलीच्या दारातून समुद्र दिसायला हवा होता.

वाडी मालवण तालुक्यात आहे. नारळ, थोडी सुपारी, एक विहीर. तारकर्लीला पर्यटक वाढले तसे आमच्याकडेही लोक खोल्या विचारत येऊ लागले. अगदी पुळणीला लागून सहा खोल्या बांधायच्या, असा माझा बेत होता. आडवा आला तो सीआरझेडचा, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचा नियम. १९९१च्या अधिसूचनेपासून ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत नवं बांधकाम सहसा करता येत नाही. २०१९च्या अधिसूचनेनं दाट वस्तीच्या गावांसाठी हे अंतर ५० मीटरवर आणलं, पण आमची विरळ वस्ती त्यात बसत नाही. सातबाऱ्यावर नाव माझं आणि जमीन वापरायची नाही, हा मला निव्वळ अन्याय वाटायचा. दिल्लीत बसून कोकणी माणसाला गरीब ठेवायचा हा डाव आहे, असं मी चारचौघांत बोललो आहे. तेव्हा ते मनापासून बोललो होतो.

उंचवटा गेल्यावर पहिल्याच मे महिन्यात वाऱ्यानं वाळू थेट अंगणात आणून टाकली. रोज सकाळी पडवीतून घमेलं भरून वाळू निघायची. मग आषाढातल्या अमावास्येच्या उधाणाला पाणी पहिल्यांदाच नारळांच्या मुळांशी आलं, दोन माड आडवे झाले आणि विहिरीचं पाणी मचूळ लागू लागलं. आईनं त्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून सांगितलं, तरीही चूक माझ्या ध्यानात आली नाही. मी उलट दुसरं टोक गाठलं. ग्रामसभेत उभा राहून धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी लावून धरली. आमच्या वाडीसमोरून सरळ दगडी भिंत घाला, समुद्र अडवा, आणि मागे आम्हाला बांधू द्या. या मागणीसाठी मी सह्याही गोळा केल्या होत्या.

माझं मन पालटलं ते व्हिएतनाममध्ये. आमच्या लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून मुलीनं जानेवारीत आम्हा दोघांना मुई ने इथं पाठवलं. हो चि मिन्ह सिटीपासून सुमारे २०० किलोमीटरवर, फान थियेत शहराला लागून असलेला हा किनारा. मूळचं हे मच्छीमारांचं गाव. २४ ऑक्टोबर १९९५चं खग्रास सूर्यग्रहण, आपल्याकडे राजस्थान-उत्तर प्रदेशातून दिसलेलं तेच, या पट्ट्यातूनही दिसलं. ते पाहायला लोक आले, त्यांनी हा किनारा पाहिला, आणि तिथून पुढे रिसॉर्टची रांग उभी राहिली. दुसरं कारण वारा. नोव्हेंबर ते मार्च ईशान्येचे मोसमी वारे वाहतात, त्यांत दुपारी तापलेल्या जमिनीकडे ओढले जाणारे खारे वारे मिसळतात. त्यामुळे सलग कित्येक दिवस इथं पतंगाला बांधून घेऊन लाटांवर धावण्याजोगा वारा असतो. जगभरातून काइटसर्फिंग करणारे त्यासाठी येतात.

आमचं रिसॉर्ट उत्तम होतं. खोलीपुढे हिरवळ, माडांची सावली, निळा तलाव आणि त्यापलीकडे लगेच समुद्र. पहिल्या सकाळी मी तलावाच्या काठावरून दहा-बारा फोटो काढले आणि गावातल्या ठेकेदाराला पाठवले. खाली लिहिलं, "अगदी असंच पाहिजे." समुद्रात आणि बिछान्यात ३० पावलांचं अंतर. माझ्या मनातलं चित्र कुणीतरी आधीच बांधून ठेवलं होतं.

अकराच्या सुमारास वारा उठला. भरती चढत होती. हिरवळ जिथं संपते तिथं काँक्रीटची उतरती भिंत होती आणि तिला पायऱ्या. सकाळी त्या पायऱ्यांखाली वाळूची अरुंद पट्टी दिसली होती. दुपारपर्यंत ती पाण्याखाली गेली. लाट येऊन भिंतीवर आदळायची, मागे फिरायची, पुढच्या लाटेला धडकायची आणि दोन्ही मिळून उंच उसळायच्या. तुषार तलावापर्यंत येत होते. दोन मुलं ओल्या फडक्यानं खोल्यांच्या काचांवरचं मीठ पुसत होती. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या काचा पुन्हा पांढुरक्या होत. आम्ही किनाऱ्यावर राहायला आलो होतो आणि पाय टेकवायला किनारा नव्हता.

पतंगवाले आमच्या भिंतीसमोरच्या पाण्यात होते, पण ते उतरले होते दूर, जिथं अजून रुंद वाळू आहे तिथून. आम्ही चालत तिकडे गेलो. एक शिक्षिका एका पोराला शिकवत होती. त्याला ती पाण्याकडे बघूच देईना. पतंगाच्या दोऱ्या २० मीटरहून लांब असतात. पतंग उडवण्याआधी त्या वाळूवर पसरायच्या, गुंता तपासायचा, सोबत्यानं पतंग धरायचा, आणि त्याहीआधी वारा ज्या दिशेला जातो तिकडे बघायचं. तिकडे भिंत, झाड, खांब असेल तर उडवायचं नाही, कारण चूक झाली की वारा माणसाला तिकडेच नेऊन आपटतो. "मोकळी जागा किती हवी?" मी विचारलं. "निदान दोन दोऱ्यांएवढी," ती म्हणाली. मग आमच्या रिसॉर्टच्या बाजूला हात करून सांगितलं की तिथून आता कुणी उतरू शकत नाही. ज्या वाऱ्यामुळे हे गाव जगाला माहीत झालं, त्याच वाऱ्याला लागणारी जागा बांधकामांनी खाल्ली होती.

संध्याकाळी रिसॉर्टच्या म्हाताऱ्या माळ्याशी बोललो. फोनवर भाषांतर करत आमचं चाललं होतं. पूर्वी वाळू कुठवर होती, असं विचारल्यावर त्यानं फोन बाजूला ठेवला आणि बोट दाखवलं. बोटाच्या टोकाला एक पतंगवाला लाटेवर होता, चांगला आत.

त्या रात्री झोप लागली नाही. भिंत लाट अडवते, पण लाटेचा जोर मुरवत नाही. तो जोर परत फिरून भिंतीच्या पायथ्याची वाळू ओढून नेतो. जिथं भिंत संपते, तिथं शेजाऱ्याची जमीन कापली जाते, मग शेजारीही भिंत घालतो. उलट मोकळ्या पुळणीचा व्यवहार निराळा. उधाणात समुद्र उंचवट्यातली वाळू ओढतो, ती थोडी आत पाण्याखाली पसरते आणि पुढच्या लाटा तिथंच फुटतात. शांत महिन्यांत लाटा ती परत आणतात, वारा ती वाळवून वर चढवतो आणि वेल ती धरून ठेवते. देण्याघेण्याला जागा लागते, आणि मी जेसीबी लावून नेमकी तीच जागा मोडली होती. २०० मीटरचा नियम मी शिक्षा समजत होतो. तो समुद्राचा हिस्सा होता.

निघायच्या सकाळी त्या रुंद वाळूवर पुन्हा गेलो. मच्छीमारांच्या बांबूच्या गोल टोपलीहोड्या तिथं उपड्या घालून ठेवल्या होत्या, आणि त्यांच्या मागे चढावर जांभळी फुलं दिसली. वाकून पान उलटून पाहिलं. आपट्यासारखं दुभंगलेलं, जाडसर पान. मर्यादवेल. किती हजार किलोमीटरवर तीच वेल तेच काम करत होती. आमच्याकडे तिचं नाव लहानपणापासून माझ्या तोंडात होतं. त्या नावाचा अर्थ मी तोवर कधी मनावर घेतला नव्हता.

भिंत कुठंच नको, असं मी म्हणणार नाही. कर्ली नदी आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या देवबागसारख्या गावात लाट उंबऱ्याशी आलेली असते. तिथल्या माणसाला बंधाऱ्याशिवाय रात्र काढता येत नाही, आणि त्याला शहाणपण शिकवायचा मला अधिकार नाही. पण आमच्या वाडीसमोर अजून पुळण आहे, आणि भिंत मी मागत होतो ती घर वाचवायला नव्हे, खोल्या पुढे सरकवायला.

गावी आल्यावर पुढच्या ग्रामसभेत मी माझी मागणी मागे घेतली. काही जण चिडले. ज्यांच्या सह्या मी घेतल्या होत्या, त्यांना उत्तर देणं माझं कर्तव्यच होतं, ते दिलं. खोल्या आता हद्दीबाहेर, रस्त्याकडच्या अंगाला बांधतो आहे, सहाऐवजी तीन. तिथून समुद्र दिसत नाही, गाज ऐकू येते. पाहुण्याला वाळूपर्यंत चालत जावं लागेल.

आबांना सांगायला मात्र दोन दिवस लागले. शेवटी म्हटलं, "आबा, माझा चुकला." ते काही बोलले नाहीत. मिरग लागल्यावर पहिला पाऊस झाला, तेव्हा शेजारच्या पुळणीवरून मी मर्यादवेलीचे हातभर तुकडे आणले आणि लावायला बसलो. आबा काठी टेकत मागून आले. मी तुकडे उभे खोचत होतो. "आडयो घाल," ते म्हणाले, "गाठ वाळयेत जावक व्हयी. गाठीक मुळा फुटतत." मग काठी बाजूला ठेवून स्वतः खाली बसले.

दिवाळीपर्यंत वेलीखाली वीतभर वाळू धरली होती. पुरुषभर व्हायला किती वर्षं लागतील, ते आबांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. विहिरीचं पाणी अजून मचूळच आहे.