शांत हिरडीचा संशय

मे महिन्यात जबलपूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पेशी वाढवणाऱ्याला सगळ्यात आधी एसीची काळजी लागते. साध्या इन्क्युबेटरला तापता येतं, गार होता येत नाही. खोलीच तापली तर आतले ३७ अंश टिकायचे कसे?

आमचं काम म्हणजे हिरडीचा आजार प्लास्टिकच्या छोट्या खान्यात घडवून बघणं. माणसाच्या हिरडीच्या पेशी घ्यायच्या आणि त्यांच्यावर ‘पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस’ हा जिवाणू सोडायचा. हे लग्न मुळातच विजोड. पेशींना ऑक्सिजन लागतो, जिवाणूला तो सोसत नाही. त्याला हवाबंद जारमध्ये, रक्त घातलेल्या आगरवर वाढवतात. वसाहती काळ्या झाल्या की जमलं. वास तर झाकण उघडताच येतो. पेशींच्या माध्यमात एरवी पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन असतं, ते आधी धुऊन काढायचं. मग दोघांची गाठ जेमतेम काही तासांची. तिथे ना लाळ, ना रक्तप्रवाह, ना तोंडातल्या बाकीच्या शेकडो जाती.

मला धास्ती वाटते ती मात्र चांगल्या दिसणाऱ्या निकालाची. जिवाणू दिसला की पेशी इंटरल्यूकिन-८ सोडतात. त्या हाकेवर पांढऱ्या पेशी धावून येतात. हा जिवाणू ती हाकच दाबतो, शिवाय त्याची जिंजिपेन नावाची विकरं ते प्रथिन तोडूनही टाकतात. ते मोजणाऱ्या एलायझा चाचणीचा आकडा कमी येतो आणि नवखा विद्यार्थी खूश होतो, सूज नाही म्हणून. त्यामुळे जिंजिपेन नसलेला त्याच जिवाणूचा वाण तुलनेसाठी शेजारच्या खान्यात हवाच. बिडी ओढणाऱ्यांचंही असंच होतं. हिरडीतून रक्त कमी येतं म्हणून ते निर्धास्त राहतात, आणि आत हाड झिजत असतं.

मग हे थेट माणसातच का बघत नाही? १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात डेन्मार्कच्या ऑर्हूसमध्ये हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी १२ निरोगी माणसांचं दात घासणं बंद करवलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं सुरू केल्यावर बऱ्याही झाल्या. पण झिजलेलं हाड असं परत येत नाही, म्हणून तो पुढचा आजार कुणाच्या तोंडात मुद्दाम घडवता येत नाही. तो खान्यातच बघावा लागतो.

त्यासाठी लागणाऱ्या पेशी बहुतेकदा अक्कलदाढ काढताना निघालेल्या, एरवी कचऱ्यात जाणाऱ्या हिरडीच्या तुकड्यातून मिळतात. डॉक्टरांनी कधी संमतिपत्र पुढे केलं तर ते नीट वाचा, शंका विचारा, आणि पटलं तर सही करा.