मरून फ्लेक्सवरचा पांढरा चौकोन

"बॅकग्राउंड काढून द्यायचं ठरलं होतं, ते तुम्ही काढलेलंच नाही," असं सांगून एका पतसंस्थेने लोगोच्या बिलातले अर्धे पैसे कापले, ते प्रस्तुत लेखकाला अजूनही पचलेलं नाही. डीटीपीच्या धंद्यात उधारी अंगवळणी पडते. न केलेल्या चुकीचा दंड मात्र पडत नाही.

लोगो कोरलड्रॉमध्ये केलेला. लाल समई, भोवती गोलाकार अक्षरं आणि पांढरी ज्योत. पीएनजी एक्स्पोर्ट करताना ट्रान्स्परंट बॅकग्राउंडवर टिक होती. फाइल मेलने गेली आणि संस्थेतल्या कुणीतरी ती फ्लेक्सवाल्याला मोबाइलवरून 'फोटो' म्हणून धाडली. वाटेत तिचं जेपीजी झालं. जेपीजीत पारदर्शकता साठवायची सोयच नाही, त्यामुळे रिकाम्या जागी पांढरा रंग भरला गेला आणि मरून फ्लेक्सवर समईभोवती पांढरा चौकोन आला.

खरा घोटाळा पुढचाच. फ्लेक्सवाल्याने मॅजिक वाँडने सगळं पांढरं निवडलं आणि उडवलं. ज्योतही पांढरीच, तीही गेली! शिवाय अक्षरांच्या कडेला लाल-पांढऱ्याच्या मिश्रणाचे जे पिक्सेल असतात ते निवडीत आले नाहीत, म्हणून प्रत्येक अक्षराला फिकट किनार राहिली. वर्धापनदिनाला व्यासपीठामागे मरून ज्योतीची समई झळकली.

लेखक लॅपटॉप घेऊन संस्थेत गेला. मूळ पीएनजी आधी मरून चौकटीवर ठेवली, मग काळ्या, मग हिरव्या. ज्योत तिन्हीकडे पांढरी, चौकोन कुठेच नाही. पीएनजीत प्रत्येक पिक्सेलच्या तीन रंगांबरोबर अपारदर्शकतेचा चौथा आकडा ठेवता येतो, ० ते २५५. शून्य म्हणजे तिथे काहीच नाही. पांढरा रंग ही वेगळी गोष्ट. १९९६पासून हे चालत आलंय, हेही त्याने सांगून पाहिलं. सचिवांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, पण आमच्या कॉम्प्युटरवर तर पांढरंच दिसतंय ना!"

बिल कापलेलंच राहिलं.

पुढे राग ओसरल्यावर त्याला सचिवांचं म्हणणं तितकंसं वेडगळ वाटेना. कोरलड्रॉ काय किंवा इलस्ट्रेटर काय, उघडताच समोर पांढरं पान येतं, आणि ते पान चित्रात नसतंच. इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-डी दाबलं की रिकाम्या जागी करडे चौकडे दिसतात; डोळ्यांना त्रास होतो म्हणून लेखक स्वतःच ते बंद ठेवतो. त्या चौकड्यांवरही भरवसा नाही. नेटवरून 'ट्रान्स्परंट' म्हणून उतरवलेल्या कितीतरी लोगोंत ते चित्रातच रंगवलेले निघतात. मग नुसत्या डोळ्यांनी सचिवांनी ओळखायचं कसं?

तरीही पैसे कापणं चूकच.

लोगो करून घेणाऱ्यांनी एवढं करावं: मूळ एसव्हीजी किंवा पीडीएफ मागून घ्यावी, चॅटवरून पाठवायची झाली तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. छापखान्याला पीएनजी देऊच नये. तिच्यात सीएमवायके रंग बसत नाहीत. पीडीएफमध्ये पारदर्शकता २००१च्या १.४ आवृत्तीपासून आहे, जुन्या ईपीएसमध्ये ती टिकत नाही.

त्याच संस्थेच्या यंदाच्या वार्षिक अहवालाचं काम लेखकाने घेतलं आहे. पूर्ण पैसे आगाऊ घेऊन.