उरलेल्या गोळ्या

झाशीच्या प्रेमनगर वस्तीतील एका मराठी घरात, फडताळाच्या वरच्या खणात, बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असे. कोणाचा ताप उतरला की उरलेल्या गोळ्या त्यात पडत. घरच्या आजींच्या लेखी ती काटकसर होती आणि थोडा परोपकारही. शेजारच्या मुलाला खोकला झाला, तर त्यातल्याच दोन गोळ्या पुडीत बांधून जात. आजींचे माहेर पुण्याकडचे. १९५४ साली पिंपरीला जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, याचा त्यांना माहेरचा म्हणून अभिमान होता. असे औषध वाया घालवणे त्यांना पाप वाटे.

१९२८ साली पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल व्याख्यानात एक काल्पनिक गोष्ट सांगितली होती. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो आपल्या मनानेच अपुरे पेनिसिलिन घेतो. जंतू मरत नाहीत, प्रतिकार मात्र शिकतात. त्याच जंतूंनी पत्नीला न्यूमोनिया होतो, औषध लागू पडत नाही आणि ती दगावते. या मृत्यूला जबाबदार कोण, असे विचारून फ्लेमिंगने त्या गृहस्थाकडे बोट दाखवले. आपल्या कर्मविपाकाच्या कथांत ज्याचे कर्म त्यालाच भोगावे लागते. येथे कर्म एकाचे आणि भोग दुसऱ्याचा.

जंतू ‘शिकतात’ हे अर्थात रूपक. औषधाने दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात आणि वाढतात. प्रतिकाराचा गुण ते अन्य जातींच्या जंतूंनाही देऊ शकतात. सर्दीपडशाच्या विषाणूंवर प्रतिजैविके निरुपयोगीच. तरी ती घेतली, तर शरीरातील इतर जंतूंत ही निवड चालूच राहते.

पुढे आजींना मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. तपासणीच्या अहवालात नेहमीची औषधे निकामी ठरली. शिरेतून दुसरे औषध द्यावे लागले, तेव्हा त्या बऱ्या झाल्या. हा दोष डब्यातल्या गोळ्यांचाच, असे म्हणता येत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. तरीही घरी येताच आजींनी नातवाकडून डबा खाली काढवला. बराच वेळ त्या गोळ्यांकडे पाहत राहिल्या.

“त्या पोरालाही मीच दिल्या होत्या रे,” त्या म्हणाल्या. “जा, तो बरा आहे ना, बघून ये.”