मिसळताई, यात मिसळ कुठाय?

"मॅडम, तर्री एक्स्ट्रा टाकू ना?" नारायणगावातल्या हॉटेलात वेटरनं विचारलं आणि मी चक्क "नको" म्हणाले. तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला. मीही.

मंडळी, गेली सहा वर्षं मी ऑनलाइन फक्त मिसळीवर लिहितेय. पुणेरी, कोल्हापुरी, नाशिकची काळ्या मसाल्याची, खानदेशी... नाव घ्या, मी ती खाल्लेली असणार. मास कम्युनिकेशन करताना वाटायचं, आपण कुठून तरी थरारक रिपोर्टिंग करू. करतेय, पण रश्श्याच्या वाटीवरून! ओळखीतले सगळे मला 'मिसळताई' म्हणतात. लग्नाच्या रिसेप्शनमध्येही कुणीतरी बाजूला घेऊन विचारतं, "सध्या बेस्ट कुठली गं?" तक्रार नाही. घरभाडं त्यावरच निघतं.

पण मागच्या महिन्यात लोचा झाला. एका लेखात मी लिहिलं, 'पहिल्याच घासाला कानातून धूर!' वाक्य भारी वाटलं. फारच भारी वाटलं म्हणून जुने लेख चाळले. हेच वाक्य आधी चार वेळा लिहिलं होतं. चार वेगळ्या गावांतल्या चार वेगळ्या मिसळींबद्दल! म्हणजे मी चव घेतच नव्हते. स्वतःचीच कॉपी मारत होते.

म्हणून मे महिन्यातल्या त्या शनिवारी अर्धी मिसळ तशीच ठेवून मी उठले आणि स्कूटर पुण्याकडे वळवण्याऐवजी जुन्नरकडे घेतली. तिथून आपटाळे, चावंड आणि शेवटी नाणेघाट.

उलटा धबधबा नाही, तरीही...

नाणेघाट म्हटलं की आपल्याला आठवतो पावसाळा, वाऱ्यानं वर उडणारं धबधब्याचं पाणी आणि सेल्फीवाल्यांची जत्रा. मे महिन्यात यातलं काही नसतं. पिवळं गवत, समोर जीवधन किल्ला, त्याच्या शेजारी उभा वानरलिंगीचा सुळका आणि भणाण वारा. थोडं पुढे गेलं की जमीन एकदम संपते आणि खाली थेट कोकण दिसतं.

घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकत, असं सांगतात. कल्याण, सोपारा या बंदरांवर उतरलेला माल याच वाटेनं जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जायचा. आपला एक्स्प्रेसवेचा टोलनाका, फक्त दोन हजार वर्षं जुना!

थोडं खाली उतरलं की कातळात खोदलेली गुहा लागते. मागच्या भिंतीवर एकेकाळी सातवाहन घराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता पुतळे गेलेत, पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं तेवढी उरलीत. बाजूच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला मोठा लेख आहे. तो सातवाहन राणी नागनिकेचा मानला जातो. कोणते यज्ञ केले आणि दक्षिणा म्हणून किती गायी, घोडे, हत्ती, नाणी दिली, याचा चक्क हिशेब!

आणि हे आकडे अक्षरांत नाहीत, अंकांत आहेत. अंकांच्या जगातल्या जुन्या पुराव्यांमध्ये या भिंतीचं नाव घेतलं जातं. मी सहा वर्षं 'पाचपैकी साडेचार' वाटत फिरतेय आणि आकडा मुळात लिहायचा कसा, हे कुणीतरी इथं कातळावर कोरून ठेवलंय. तास-दीड तास मी त्या भिंतीसमोर बसून होते. एकही फोटो काढला नाही. माझ्यासाठी हा रेकॉर्ड आहे.

काळा पडला की झाला

परत येताना घाटघरजवळ एका अंगणात काहीतरी हिरवट-काळं वाळत घातलेलं दिसलं. सवयीनं स्कूटर थांबवली.

"आजी, हे काय वाळवताय?"

"हिरडा हाय गं. शहरातली दिसतीस. पाणी पिणार का?"

जुन्नरच्या या पश्चिम पट्ट्यात उन्हाळ्यात हिरडा गोळा करतात. कोवळं फळ वाळून काळं झालं की बाळहिरडा तयार होतो. तो औषधात जातो. इथल्या महादेव कोळी कुटुंबांचा हा हक्काचा हंगाम. झाडावर कोण चढतं, किती दिवस वाळवायचं, पाऊस आला तर काय, मी विचारत सुटले. आजी हसून म्हणाल्या, "एवढं कुणी इचारत न्हाई. समदे धबधबा कुठं त्येवढंच इचारत्यात."

तेव्हा लक्षात आलं, मला मिसळीशिवायही काहीतरी येतं. भटारखान्यात शिरून 'हे कसं करता?' विचारायचं, हेच मी सहा वर्षं करतेय.

आता खरी तर्री

घरी येऊन नाणेघाटवर लिहिलं. पहिली प्रतिक्रिया, 'ताई, मिसळ कुठाय?' वाचक नेहमीच्या निम्म्यानेही आले नाहीत. ज्यांच्यासाठी मी लिहिते ते संपादक म्हणाले, "जमवलेली माणसं घालवू नकोस." मानधन वाचकांवर ठरतं, त्यामुळे त्या महिन्याचं गणित बसलंच नाही.

वर एक चूकही केली. शिलालेखात शून्यासकट सगळे अंक आहेत, असं ठोकून दिलं होतं. एका निवृत्त शिक्षकांनी लगेच कान पकडला. तिथे शून्य नाहीच! १०, १००, १००० यांच्या स्वतंत्र खुणा आहेत. ४०० लिहायचे तर १००च्या खुणेला ४ची खूण जोडलेली. चूक दुरुस्त केली आणि ती दुरुस्त केल्याचं लेखात सगळ्यात वर लिहिलं. मिसळीबाबत मी चुकले तर तुमचे फार तर शंभर रुपये जातात. इथं चुकले तर ते पुढच्या शंभर जणांच्या फोटोखाली जाऊन बसतं. मिसळीतला माझा दबदबा नाणेघाटात चालत नाही. तिथे मी पहिलीतली मुलगी.

सध्या संपादकांशी तह झालाय. तीन लेख मिसळीचे, चौथा माझ्या मनाचा. पुढचा चौथा हिरड्यावर. आजींना लेख दाखवायला मी पुन्हा जाणार आहे.

आणि हो, येताना नारायणगावात थांबून मिसळ मागवली. पूर्ण संपवली. खूप दिवसांनी चव लागली.

कसं जाल? पुण्याहून नारायणगाव, जुन्नर, आपटाळे, चावंड, घाटघरमार्गे गाडी थेट नाणेघाटाच्या माथ्यापर्यंत जाते. मुंबईकरांनी कल्याण-मुरबाड-माळशेज रस्त्यावरच्या वैशाखरेजवळून पायी चढावं. उन्हाळ्यात भरपूर पाणी आणि टोपी मस्ट! लेखाच्या भिंतींना हात लावू नका.