शब्दाने थांबावे की वाद्याने?

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे अटलांटिक महासागरात विखुरलेल्या हेब्रिडीज बेटांची गेलिक गाणी आता ध्वनिमुद्रिकांच्या रूपाने जगभर पोहोचली असून, ती ऐकलेले आपल्याकडील रसिक, मी या विषयाचा अभ्यासक असल्याचे कळताच, हटकून विचारतात की या मुद्रणांत अस्सल किती आणि नटविलेले किती. प्रश्न रास्त आहे. परंतु गिटार वाजली की बाटलेले आणि नुसता कंठ ऐकू आला की सोवळे, असा जो निकाल त्या प्रश्नात अध्याहृत असतो तो मला मान्य नाही. वाद्य शब्दासाठी थांबते, की शब्दाला वाद्यासाठी थांबावे लागते, एवढेच मी पाहतो. गेलिक भाषेत आघात बहुधा पहिल्या अक्षरावर पडतो आणि ऱ्हस्वदीर्घाने अर्थ पालटतो. त्यामुळे परंपरेत वाढलेली गायिका चालीला शब्दाच्या अंगाने वाकविते आणि एकाच गाण्याची दोन कडवी सहसा तंतोतंत एकसारखी म्हणत नाही.

हे गाणे मुळात कोठून आले ते पाहिले म्हणजे या कसोटीचे मर्म ध्यानात येते. हातमागावरून उतरलेले लोकरीचे कापड घट्ट व्हावे म्हणून ते शिळ्या मूत्रात भिजवून, लांब फळीच्या दोहों बाजूंना समोरासमोर बसलेल्या बायका ते आपटीत, चोळीत आणि एकीकडून दुसरीकडे सरकवीत असत. एकीने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी निरर्थक अक्षरांचे पालुपद उचलायचे, आणि ते पालुपद चालले असता पहिलीने दम खाऊन पुढची ओळ आठवायची किंवा प्रसंगी दुसऱ्याच गाण्यातली आणून सांधायची, अशी ती रीत होती. जात्यावरच्या ओवीला जसे दळण सरेपर्यंत पुरावे लागे, तसे या गाण्याला कापड आटेपर्यंत पुरावे लागे. शिवाय एका बैठकीत तेच गाणे फिरून म्हणणे अशुभ मानीत, त्यामुळे गाण्यांचा साठा अफाट वाढला. कापड कुटण्याची ही वहिवाट स्कॉटलंडात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक मोडली. तरी एडिंबरा विद्यापीठाच्या ‘स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज’ने बॅरा बेटावरील बायकांकडून म्हणवून घेऊन प्रसिद्ध केलेल्या मुद्रणांत कापडाचा धप्प आवाज गाण्याइतकाच ठळक आहे, आणि कान देऊन ऐकले तर पालुपदाचे शेवटचे अक्षर विरण्यापूर्वीच पुढारणीची ओळ त्यावर चढलेली आढळते.

या गाण्यांवर पहिला मोठा संस्कार मार्जरी केनेडी-फ्रेझर यांनी केला. त्यांनी फोनोग्राफ बेटांवर नेला हे त्यांचे श्रेय कोणी नाकारू नये. परंतु १९०९ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संग्रहांत गाणी पियानोच्या साथीने दिवाणखान्यासाठी बेतली गेली, आणि शब्द साथीचा ताबेदार झाला. याच्या उलट जॉन लॉर्न कॅम्बेल आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट फे शॉ यांनी आयुष्यभर बेटांतच राहून, प्रथम मेणाच्या नळ्यांवर, मग तारेवर आणि फितीवर, ज्याचे गाणे त्याच्या नावानिशी टिपून ठेवले. १९५१ साली एडिंबऱ्याची उपर्युक्त संस्था स्थापन होऊन कॅलम मॅक्लीन हे संग्राहक म्हणून रुजू झाले, आणि त्याच वर्षी अमेरिकेहून ॲलन लोमॅक्स आपले यंत्र घेऊन आले. आजचे गायक ज्या दप्तराच्या आधारे गातात ते मुख्यत्वे या मंडळींनी जमविलेले आहे.

आधुनिक मुद्रणांच्या इतिहासात १९९२ हे साल महत्त्वाचे. त्या वर्षी कॅपरकेली या वृंदाने, कॅरन मॅथिसन यांच्या कंठातून, कापड कुटण्याचे एक गाणे ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या चाळीसांत नेले. स्कॉटिश गेलिक गाण्याला हा मान पूर्वी मिळाला नव्हता. हे यश नेमके कुटण्याच्या गाण्याला लाभावे हा योगायोग नव्हे. त्याचा ठेका मुळातच श्रमाचा, नियमित. त्याखाली ढोल घातला तरी शब्दाला धक्का लागत नाही, कारण ढोलाची जागा पूर्वी कापडच भरून काढीत होते. तीच गोष्ट वाद्य नसताना नाचासाठी तोंडाने म्हणायच्या द्रुत गाण्यांची. उत्तर यूइस्टच्या ज्यूली फाउलिस यांच्या २००७ सालच्या ‘कूली’ या संग्रहात ही गाणी बुझुकी आणि फिडलच्या साथीने धावतात. पण जीभ पुढे आणि तार तिच्या मागे, हा क्रम त्या कोठे मोडू देत नाहीत.

माझी तक्रार आहे ती निवडीबद्दल. ठेक्यात बसणारी गाणी पुनःपुन्हा मुद्रित होतात, आणि मुक्त लयीत गावयाची विलापगीते व दीर्घ प्रेमगीते, ज्यांना गेलिक रसिक अव्वल दर्जाची मानतात, ती मागे राहतात. जी घेतली जातात त्यांचीही कडवी चारपाच मिनिटांत बसावीत म्हणून छाटली जातात. फ्लोरा मॅकनील यांनी १९७६ च्या ‘क्रूव्ह नन उवल’ या तबकडीत अशा गाण्यांना जो अवकाश दिला तो पुढे दुर्मिळच झाला.

यंत्र आले म्हणून हे घडले, असे मात्र म्हणवत नाही. मार्टिन बेनेट यांनी, दुर्धर व्याधीने वाद्य हाती धरणे दुष्कर झाले असता, जुन्या मुद्रणांतील कंठ घेऊन त्यांच्याभोवती विजेच्या ध्वनींचे प्रचंड आवर्त रचले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ‘ग्रिट’मध्ये कोलाहल कितीही वाढला तरी मूळ कंठ आपल्याच श्वासाने बोलतो, आणि यंत्र त्याच्या भोवती जागा करून देते. त्याच वर्षी लुइस बेटावरील बॅक येथील चर्चमध्ये मुद्रित झालेली स्तोत्रे तर वाद्याविनाच आहेत: अग्रणी ओळ सांगतो आणि शेकडो लोक ती आपापल्या श्वासाने, आपापल्या हरकतींनी उचलतात, त्यामुळे सूर एक असूनही लाटा अनेक उठतात. एक यंत्राचे टोक, दुसरे निर्यंत्रतेचे. माझ्या लेखी दोन्ही अव्वल.

२०२२ च्या खानेसुमारीत स्कॉटलंडात गेलिक बोलणारे सुमारे सत्तर हजार भरले. गाणी ऐकणारे त्याहून कितीतरी अधिक आहेत, आणि त्यांतील बहुतेकांना शब्द कळत नाही. अशा बाजारात शब्दाचा कैवार गायकावाचून कोणी घेणार नाही. म्हणून प्रकाशकांनी प्रत्येक गाण्याची संपूर्ण संहिता, आणि ते ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव छापण्याचा शिरस्ता कायम ठेवावा. आणि अनुदान देणाऱ्या संस्थांनी आपले द्रव्य द्रुत गाण्यांवर न वेचता, ज्यांना गिऱ्हाईक नाही अशा लांब, मुक्त लयीच्या गाण्यांची तजवीज करावी. द्रुत गाणी आपले पोट स्वतः भरू शकतात. लांब गाणी मुखोद्गत असलेली माणसे मात्र म्हातारी झाली आहेत, आणि छाटलेल्या मुद्रणावरून संबंध गाणे कोणालाही शिकविता येत नाही.