छताकडे पाहताना

खुब्याच्या ऑपरेशननंतर कितीतरी दिवस मी उताणी पडून होते. वर पांढरं छत आणि थेट डोळ्यांवर येणारी ट्यूबलाइट. डोळे मिटले तरी पापण्यांआड तिचा पट्टा उरायचा. ही खोली उभ्या माणसांनी उभ्या माणसांसाठीच बांधली आहे, असं वाटत राही.

घरी आल्यावर फिनलंडमधल्या पाइमिओच्या क्षयरोग रुग्णालयाविषयी वाचलं. ते १९३३ सालचं. वास्तुविशारद आल्वार आल्तो यांनी तिथली खोली आखली ती झोपलेल्या माणसाच्या नजरेतून. छताला शांत गडद रंग, दिवा नजरेआड. बेसिनही असं, की पाणी पडताना आवाज होऊ नये, शेजारच्या खाटेवरची झोप मोडू नये. क्षयावर तेव्हा नेमकं औषध नव्हतं. ऊन, हवा, विश्रांती एवढंच हाती होतं. वाचता वाचता गळा दाटून आला.

सातव्या दिवशी वॉर्डातल्या मावशींनी माझी खाट खिडकीकडे सरकवली होती. बाहेर करंजाची एक फांदी, कोवळ्या पोपटी पानांची. त्याच दुपारी मी पहिल्यांदा आपणहून पाय हलवला. फांदीमुळे? कोण जाणे. पण अजूनही रात्री दिवा मालवला की तीच डोळ्यांसमोर हलत राहते.